कर्णा आमचा, कळ कुणाच्या हाती?

मे २०२५ च्या पहिल्या चार दिवसांत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'वेव्ज' नावाची जागतिक परिषद भरली. पंतप्रधान आले, सिनेनट आले, उद्योगपती आले. दृकश्राव्य आणि मनोरंजन हा उद्याचा मोठा उद्योग आहे, असे सांगितले गेले. याच सुमारास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही नवी संस्था मुंबईत उभी करण्याचे जाहीर झाले. तिच्यासाठी केंद्राचे सुमारे चारशे कोटी रुपये आणि गोरेगावच्या चित्रनगरीतली दहा एकर जमीन ठरली. त्याच्या काही दिवस आधी, एप्रिल २०२५ मध्ये, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. आम्ही मात्र एकच प्रश्न विचारतो. या सगळ्यात गुहागरच्या पोराच्या वाट्याला काय आले?

गुहागरच का, असे कुणी विचारील. गुहागर हा रत्नागिरी जिल्ह्यातला समुद्रकाठचा तालुका. रेल्वेचे स्टेशन गाठायचे तर सुमारे ४५ किलोमीटरवर चिपळूण. पण या तालुक्यात आवाजाचे काम करणाऱ्यांची वाण नाही. शिमग्यात नमन, गणपतीत जाखडी, मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीवाडीत बुद्ध-भीम जयंती, लग्ने, साखरपुडे, सभा. प्रत्येक ठिकाणी एक साऊंडवाला लागतो. कर्णे बांधणारा, वायर ओढणारा, मिक्सरमागे बसून शिट्टी वाजली की कळ खाली ओढणारा. या पोरांत कुणबी आहे, बौद्ध आहे, मुसलमान आहे, तेली-भंडारी आहे. शिक्षण दहावी-बारावी. शिकवणारा गुरू म्हणजे आधीचा साऊंडवाला. हा पोरगा कामाला वाघ आहे, पण त्याच्या कामाला 'साऊंड इंजिनिअरिंग' कुणी म्हणत नाही. तेच काम अंधेरीच्या वातानुकूलित खोलीत केले की त्याला इंजिनिअर म्हणतात आणि ते शिकवायला लाखांत फी घेतात. फरक कुठे आहे, तो आम्ही तपासणार आहोत.

ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या शाळांच्या जाहिराती आमच्या वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांत पुस्तकी अभ्यासक्रमाचे कौतुक फारसे नसते. 'प्रत्यक्ष हाताने काम', 'स्टुडिओ भेट', 'नामवंतांची कार्यशाळा', 'इंडस्ट्रीशी थेट संपर्क' यांचे मात्र भरपूर असते. ही जाहिरातबाजी आहे म्हणून उडवून लावू नका, कारण यात खरे मर्म आहे. आवाजाची विद्या वाचून येत नाही. ढोलकीच्या धुमेपासून माईक चार बोटे दूर ठेवला तर काय ऐकू येते आणि वीतभर दूर नेला तर काय, हे कानाने ऐकल्याशिवाय कळत नाही. गायकाचा स्वर वर चढला तर आवाज फाटू नये म्हणून आधीच किती जागा सोडायची, फीडबॅक कुठल्या पट्टीत येतो आणि नेमकी तीच पट्टी कशी कापायची, हे बोटांना शिकावे लागते. म्हणून चांगल्या शाळेत एखादा वादकसमूह बोलावतात, मुलांना आळीपाळीने कन्सोलवर बसवतात, चुकू देतात, पुन्हा करायला लावतात. ही पद्धत बरोबरच आहे.

पण त्याच खोलीत आणखी एक व्यवहार होतो. कार्यशाळा घ्यायला आलेला स्टुडिओतला जाणता माणूस मुलांचे काम मागे उभा राहून पाहत असतो. एखाद्याचा कान बरा वाटला की जाताना म्हणतो, 'सोमवारी स्टुडिओत ये.' झाली नोकरी! ना जाहिरात, ना मुलाखत, ना बिंदुनामावली. या धंद्यात बहुतेक कामे अशीच मिळतात. सहायक म्हणून सुरुवात, मग ओळख, मग स्वतंत्र काम. म्हणजे शाळेची फी मुख्यतः या एका वाक्यासाठी भरायची असते. ज्याला ती भरता येत नाही, तो त्या खोलीत नसतो. जो त्या खोलीत नसतो, त्याचा कान कितीही तयार असो, तो कुणाला दिसत नाही. जातीचे नाव न घेता जात राखण्याची ही आधुनिक तऱ्हा आहे. कुणी कुणाला 'येऊ नकोस' म्हणत नाही. फक्त 'ये' हा शब्द ठरावीक लोकांच्याच कानावर पडतो.

सरकारी शाळेत काय घडू शकते, याचे उदाहरण सगळ्या जगाने पाहिले आहे. केरळातल्या एका खेड्यात, गरीब मुसलमान घरात वाढलेला रसूल पूकुट्टी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकला, १९९५ मध्ये बाहेर पडला आणि २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह ऑस्करचा मानकरी झाला. ही संस्था १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात सरकारने काढली. केंद्राची संस्था असल्याने तिथे अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना आरक्षण आहे. गरिबाचे पोर कन्सोलला हात लावू शकले, कारण तो कन्सोल जनतेच्या पैशाचा होता. पण त्याच संस्थेत डिसेंबर २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना वाढत्या शुल्काविरुद्ध उपोषणाला बसावे लागले, प्रवेश परीक्षेचे शुल्कसुद्धा परवडत नाही असे सांगावे लागले, हेही विसरू नका. दार उघडे ठेवायचे आणि उंबरठा वर्षागणिक उंच करायचा, हा प्रकार आम्हाला नवा नाही.

खाजगी शाळांची गोष्ट आणखी निराळी. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये पाचवे पोटकलम आले आणि खाजगी शिक्षणसंस्थांतही राखीव जागांसाठी कायदा करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण विद्यापीठाशी संलग्न नसलेली, स्वतःचीच पदविका देणारी शाळा बहुधा या चौकटीत येतच नाही. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त नाही म्हणून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही तिथे लागू होत नाही. म्हणजे आरक्षण नाही, शिष्यवृत्ती नाही, आणि उद्योगाशी ओळख मात्र तिथेच!

सरकारी मदतही याच वाटेने जाते. चित्रनगरीतल्या वीस एकर सरकारी जमिनीवर २००६ मध्ये व्हिसलिंग वूड्स ही खाजगी चित्रपटशाळा सुरू झाली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जमिनीचा व्यवहार बेकायदेशीर ठरवला. संस्था पुढेही चालू राहिली. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जमीन जनतेची असेल तर त्या जमिनीवर होणाऱ्या कार्यशाळेत जनतेच्या लेकरांची खुर्चीही असली पाहिजे. आता नव्या संस्थेला दहा एकर देताना हा प्रश्न कुणी विचारला का?

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण केवळ नमन म्हणून नव्हे, तर कामासाठी करायची आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात शास्त्रीय आणि तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होतीच. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने ही सरकारच्या हातातली मोठी प्रशिक्षणकेंद्रे आहेत, तिथे आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असेही त्यांनी मांडले. म्हणजे वर्गात जागा मिळाली की काम संपले, असे त्यांनी मानले नव्हते. यंत्राजवळ उभे राहण्याची जागा मिळाली पाहिजे, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. पहिल्या मागणीवर चळवळ लढत राहिली. दुसऱ्या मागणीकडे, उमेदवारीकडे, आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही. आजचा स्टुडिओ म्हणजे त्या काळचा छापखाना आहे. तिथे आमचे उमेदवार किती?

आवाजाचे आणि आमच्या चळवळीचे नाते तर रक्ताचे आहे. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांनी तो गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी आयुष्य फिरत्या गाण्यात घालवले. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि भीमगीत एसटीच्या थांब्यापासून गिरणगावच्या चाळीपर्यंत घुमले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरात पोचले. लिहिणारे आमचे, गाणारे आमचे, विकत घेणारे आमचे. पण मुद्रण कुणाच्या स्टुडिओत झाले? कॅसेटचा मालक कोण होता?

हा प्रश्न भावनेचा नाही, कायद्याचा आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणजे त्याचा निर्माता. गायक नाही, वादक नाही, मुद्रण करणारा तंत्रज्ञही नाही. ज्याने मुद्रणाची व्यवस्था आणि जबाबदारी घेतली, त्याच्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळाले, पण ते वामनदादा गेल्यानंतर आठ वर्षांनी. ज्या समाजाकडे मुद्रणाचे यंत्र आणि ते चालवणारा हात असतो, तो आपल्या गाण्याचा मालक होतो. बाकीचे गाणे देतात आणि बिदागी घेऊन घरी जातात. आज लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन बरे माईक घेतले की वाडीतल्या विहारातही मुद्रण करता येते. यंत्र स्वस्त झाले आहे. आता महाग राहिला आहे तो फक्त शिकवणारा.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चे संगीत २०१६ मध्ये गाजले. अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद हॉलीवूडच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर मुद्रित केला होता. आमच्या मातीतली गोष्ट सांगायला जगातला उत्तम कन्सोल वापरता येतो, याचा आम्हाला अभिमान वाटला. पण गोष्ट सांगणारा आमच्यातून आला तसा कन्सोलवर बसणाराही आमच्यातून यावा, ही अपेक्षा गैर आहे काय?

दुसरा मुद्दा जयंतीचा. यावर आमच्याच काही बांधवांना राग येईल, पण बोलले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीवर जोर दिला. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर स्पीकरचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. नियम सगळ्यांना सारखा, पण पोलिसांचे मीटर कुणाच्या मिरवणुकीत आधी बाहेर निघते, हे आम्ही सांगायला नको. मीटर धरणाऱ्याला डेसिबल कळतो आणि आमच्या मंडळाला कळत नाही, म्हणून वादात आम्ही हरतो. आमचा एक तरी पोरगा स्वतःचे मीटर घेऊन उभा राहिला, नोंद ठेवू लागला, तर त्याच्याशी हुज्जत घालणे कुणालाही जड जाईल.

शिवाय खिशाचा हिशोब आहे. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हे तीन आकडे ज्याला ठाऊक आहेत, तो स्पीकरची भिंत उभी करण्यापेक्षा चार ठिकाणी लहान स्पीकर वाटून लावतो. भाडे कमी, त्रास कमी, आणि शेवटच्या माणसाला भाषण स्पष्ट ऐकू येते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हीच कानाची सुरक्षित हद्द धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे! डब्यांच्या पुढ्यात पाच तास नाचणारी पोरे आपलीच आहेत. ट्रकवर चढून विजेच्या तारांखालून कर्णे नेणारी, पावसाळी ओलीत अर्थिंग न बघता जनरेटर जोडणारीही आपलीच आहेत. त्यांना शहाणे करणे हे चळवळीचे काम नाही, तर कुणाचे?

आता पुन्हा गुहागरकडे. या तालुक्याने मोठा उद्योग दारात येताना एकदा पाहिला आहे. दाभोळ वीज प्रकल्पाचे नाव खाडीपलीकडच्या दाभोळचे, पण प्रकल्प उभा राहिला गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल परिसरात. १९९२ मध्ये एन्रॉनशी बोलणी झाली, १९९५ मध्ये करार मोडला, १९९६ मध्ये पुन्हा जोडला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनी, बायाबापड्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. त्या अफाट यंत्रांजवळ कुशल कामाचे धडे तालुक्यातल्या किती पोरांना मिळाले? उद्योग दारात आला म्हणून विद्या आपोआप घरात येत नाही, हा धडा गुहागरने मोठी किंमत देऊन शिकला आहे. विद्या मागून घ्यावी लागते आणि अटी घालून घ्यावी लागते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशभर लहान मुदतीचे अभ्यासक्रम नेण्याची योजना चालवली. ध्वनिमुद्रणाचा असा अभ्यासक्रम कोकणात, तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून आणि परवडणाऱ्या फीमध्ये घ्यावा. जागेची अडचण नाही. गुहागरात महाविद्यालय आहे, वेळणेश्वरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दुसरी, जी संस्था सरकारी जमीन, सरकारी पैसा किंवा सरकारी मान्यता वापरते, तिने दरवर्षी जाहीर करावे की तिच्या कार्यशाळांत, स्टुडिओ भेटींत आणि उमेदवारीत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि मुली किती होत्या. प्रवेशाची आकडेवारी पुरेशी नाही. दाराच्या आतली आकडेवारी हवी. तिसरी, बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांबरोबर असे कौशल्यही हाती घ्यावे आणि स्टुडिओत उमेदवारी करणाऱ्या मुलाला मुंबईत राहण्याजोगे विद्यावेतन द्यावे. बिनपगारी उमेदवारी ही श्रीमंताच्या मुलाचीच चैन असते. गुहागरच्या पोराला मुंबईत सहा महिने फुकट राबणे परवडत नाही.

सरकारकडे मागत असताना आपल्या हातातले कामही टाळता येणार नाही. मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या वाड्यांत चाकरमानी येतात. त्यांच्यात मुंबईच्या नाट्यगृहांत, वाहिन्यांत, स्टुडिओंत काम करणारे नक्की सापडतील. त्यांनी जयंतीच्या आदल्या दोन दिवसांत विहारात कार्यशाळा घ्यावी. मंडळाने साऊंडच्या भाड्यातला थोडा भाग तिकडे वळवावा. पहिल्या दिवशी वायर, अर्थिंग, माईक आणि मिक्सर. दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्याच एका जाखडी मंडळाचे आणि एका भीमगीत गायकाचे प्रत्यक्ष मुद्रण.

जाखडीचे मुद्रण हे कुणाही शहरी इंजिनिअरची परीक्षा घेईल. गाणारे-वाजवणारे मध्ये, नाचणारे भोवती फिरत आणि त्यांच्या पायांतल्या चाळांचा आवाज सगळीकडून माईकवर येतो. शाहिराचा शब्द त्यातून सुटा कसा ठेवायचा? याचे उत्तर अंधेरीच्या पुस्तकात नाही. गुहागरच्या साऊंडवाल्याला ते निम्मे ठाऊक आहे, उरलेले निम्मे शास्त्राने सांगावे. उद्योगाने खेड्याला शिकवायचे आणि खेड्याने फक्त ऐकायचे, ही एकतर्फी रीत आम्हाला मान्य नाही. आणि त्या कन्सोलवर आपल्या मुलीलाही बसवा. वायर गुंडाळायला पोरगा आणि स्वागतगीताला पोरगी, ही वाटणी विहारात तरी शोभत नाही.

बाबासाहेबांनी मुक्या समाजाला 'मूकनायक' दिला, तो १९२० मध्ये. शंभरावर वर्षे झाली. समाज आता मुका नाही. तो बोलतो, गातो, गर्जतो. पण आवाज किती उंच ठेवायचा, कुणाचा माईक चालू ठेवायचा आणि कुणाचा बंद करायचा, ही कळ अजून दुसऱ्याच्या हातात आहे. ती कळ हातात घेण्याची विद्या ज्या खोलीत शिकवली जाते, त्या खोलीत आमच्या पोरांची जागा आम्ही मागतो आहोत. येत्या मे महिन्यात गुहागरमधल्या एका तरी वाडीने सुरुवात करून दाखवावी. एका वाडीत घडले की शेजारची वाडी विचारायला येतेच.